सीटखालची वायर आखूड पडते? जोड देण्याआधी हे वाचा

सीट बदलली, जरा मागे बसवली किंवा उंदरानं वायर कुरतडली, की सीटखालचा कपलर (वायर जोडायचा प्लग) जागेवर पोचत नाही. ओढून लावू नका. आज बसेल, पण सीट मागेपुढे करताना पिन ढिली होईल आणि सीटबेल्टचा दिवा मनाला येईल तेव्हा लागेल. असा लपाछपीचा फॉल्ट शोधण्याची मजुरी जोडापेक्षा महाग पडते.

वायर खरंच आखूड आहे का, ते आम्ही आधी बघतो. पुष्कळदा ती मॅटखाली क्लिपमध्ये अडकलेली असते. क्लिप सोडवून भागलं तर जोडाचे पैसे लागत नाहीत.

सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर तिची वायर बहुधा पिवळ्या कपलरची असते. तिला आम्ही जोड देत नाही, कितीही आग्रह करा. एअरबॅगचा कंट्रोलर त्या सर्किटचा रेझिस्टन्स तपासत असतो. जोड कच्चा राहिला तर मीटरवर दिवा लागतो आणि अपघातात एअरबॅग उघडेलच याचा भरवसा उरत नाही. तिथे कंपनीचं योग्य लांबीचं वायरिंगच घ्यावं लागतं. घरी टेस्ट लॅम्प किंवा मल्टीमीटर लावून ती वायर तपासायला जाऊ नका, एअरबॅग तिथल्या तिथे फुटू शकते. सीटखालचा कोणताही कपलर काढण्याआधी इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह सोडवायची आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं, कारण कंट्रोलरमध्ये काही वेळ चार्ज राहतो.

सीटबेल्टच्या बकलचा स्विच, सीटची मोटर, हीटर यांच्या वायरी वाढवता येतात. नवा तुकडा मूळ वायरइतका किंवा थोडा जाड हवा. स्विचला ०.५ चौरस मि.मी. पुरते, मोटरला तीच लावली तर तापते. पीळ देऊन काळी टेप गुंडाळायची पद्धत आमच्याकडे बंद आहे. नवतप्यात उन्हात उभ्या गाडीत त्या टेपचा गोंद पाझरतो, टेप सुटते आणि उघडी तार सीटच्या लोखंडाला लागते. आम्ही क्रिंप करून (तारा धातूच्या नळीत घट्ट दाबून) वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवतो. जोड एकासमोर एक येऊ देत नाही, प्रत्येक जोड तीन-चार सें.मी. पुढेमागे घेतो. त्यामुळे गाठ फुगत नाही आणि शेजारच्या तारा एकमेकींना भिडत नाहीत.

वाढवलेली वायर सीट सरकते त्या रुळाला घासली तर सगळं काम फुकट. म्हणून ती सीटच्या फ्रेमला बांधून थोडी ढील ठेवतो आणि तुमच्यासमोर सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे करून दाखवतो.

येताना गाडीचं मॅन्युअल आणि स्टिरिओला कोड असेल तर तोही आणा. बॅटरी सोडल्यावर काही स्टिरिओ कोडशिवाय चालू होत नाहीत. कुशीत एअरबॅग असलेल्या सीटला बाजूनं गच्च शिवलेलं कव्हर असेल तर तेही दाखवा. एअरबॅगसाठी खास शिवण असलेलंच कव्हर त्या सीटला चालतं.