रविवर्मा, राजा : बडोद्यातील चित्रकार्य व चित्रमुद्रण

(२९ एप्रिल १८४८ – २ ऑक्टोबर १९०६). पौराणिक विषयांवरील तैलचित्रे आणि व्यक्तिचित्रे यांसाठी ख्यातकीर्त झालेले व उत्तरायुष्यात स्वतःच्याच चित्रांचे प्रकाशक बनलेले भारतीय चित्रकार. जन्म त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे. बडोदे (वडोदरा) येथील त्यांचे काम आणि त्याच्याशी निगडित असलेला मुद्रणव्यवसाय एवढाच प्रस्तुत नोंदीचा विषय आहे.

रविवर्म्यांना ‘स्वयंशिक्षित’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो काही मर्यादेतच मान्य करता येतो. रेखनाचे पहिले धडे त्यांना मामा राजराज वर्मा यांच्याकडून मिळाले आणि जलरंगांचा परिचय दरबारी चित्रकार रामस्वामी नायडू यांच्यामुळे झाला. तैलरंगांचे तंत्र मात्र त्यांना कोणी रीतसर शिकविले नाही. १८६८ च्या सुमारास त्रावणकोरात आलेल्या थिओडोर जेन्सन या चित्रकाराने त्यांना आपले काम केवळ पाहू दिले, असे चरित्रकार सांगतात. तेव्हा ‘कलाशाळेत न शिकलेले’ हे वर्णन अधिक नेमके ठरावे.

बडोद्याशी त्यांचा संबंध सर टी. माधवराव यांच्यामुळे जुळला. त्रावणकोर आणि इंदूर येथे दिवाणगिरी केल्यानंतर माधवराव १८७५ मध्ये बडोद्याचे दिवाण झाले. तिसरे सयाजीराव गायकवाड यांना २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याधिकार मिळाले; त्या समारंभाच्या आगेमागे रविवर्मा व त्यांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा बडोद्यास आले आणि काही महिने राहून त्यांनी राजकुटुंबातील व्यक्तींची चित्रे काढली. लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी १४ पौराणिक चित्रांचे काम सयाजीरावांनी त्यांच्याकडे १८८८ मध्ये सोपविले आणि ते १८९० पर्यंत पुरे झाले. त्याबद्दल ५०,००० रुपये दिल्याचा उल्लेख चरित्रांतून आढळतो. नल-दमयंती, शंतनू-मत्स्यगंधा, विश्वामित्र-मेनका, अर्जुन-सुभद्रा हे विषय या मालिकेत आहेत.

पौराणिक स्त्रियांना कोणता वेष द्यावा, हा प्रश्न या कामात उभा राहिला. त्याचा शोध घेण्यासाठी उभय बंधूंनी उत्तर भारताचा प्रवास केला, पण सर्वमान्य असा प्राचीन वेष हाती लागला नाही. त्यांच्या अनेक नायिका पुढे नऊवारीसारख्या लुगड्यात दिसू लागल्या. बडोद्याच्या मराठी दरबाराचा हा प्रभाव मानावा, की मुंबईतील वास्तव्याचा, याविषयी मतभेद आहेत. दोन्हींचा मेळ मानणे अधिक संभवनीय वाटते. मराठी घरांना या देवता परक्या न वाटण्याचे एक कारण त्यात असावे.

मुद्रणालयाची कल्पना मूळ कोणाची, हा सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रश्न होय. माधवरावांनी १८८४ च्या सुमारास लिहिलेल्या पत्राचा पुरावा नेहमी दिला जातो. केवळ दोन हातांनी एवढी मागणी पुरी होणे अशक्य आहे, म्हणून निवडक चित्रे यूरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढवून घ्याव्यात, असा त्यातील सल्ल्याचा आशय आहे. माधवराव तोवर बडोद्याच्या दिवाणपदावरून दूर झाले होते. शिवाय सल्ला परदेशी छपाईचा होता, स्वतःच्या छापखान्याचा नव्हे. आणि प्रत्यक्ष छापखाना निघेपर्यंत दहा वर्षे गेली. दुसरे मत असे, की बडोद्यासाठी केलेली चित्रे रवाना होण्यापूर्वी मुंबईत मांडली गेली तेव्हा लोटलेल्या गर्दीने या व्यवसायाची शक्यता दाखवून दिली. बीज पत्रात असेलही, परंतु निकड प्रदर्शनाने निर्माण केली, असे कालक्रम पाहता म्हणावेसे वाटते. पुण्याच्या ‘चित्रशाळा’ या छापखान्याने (स्थापना १८७८) देवादिकांची शिळाछाप (दगडी शिळेवरून छापलेली) चित्रे तोवर महाराष्ट्रभर पोहोचविली होती, हेही विसरता येत नाही. त्यामुळे अशा छपाईच्या आद्यत्वाचा मान रविवर्म्यांना देणारी विधाने जपूनच स्वीकारावी लागतात.

मुंबईत १८९४ मध्ये गोवर्धनदास खटाव माखनजी यांच्या भागीदारीत मुद्रणालय सुरू झाले. त्याची पहिली जागा काही लेखक गिरगाव, तर काही घाटकोपर अशी देतात. पहिले छापलेले चित्र ‘शकुंतलाजन्म’ मानले जाते. यंत्रे जर्मन होती व तंत्रज्ञही जर्मनीहून आले. तेथे वापरलेल्या शिळाछापाच्या पद्धतीत प्रत्येक रंगच्छटेसाठी चुनखडीच्या दगडाची वेगळी शिळा लागते. तिच्यावर स्निग्ध शाईने चित्र उलटे रेखतात आणि एकाच कागदावर एकामागून एक ठसे असे घेतात, की रेषेवर रेष तंतोतंत बसावी. वर रोगण देऊन व कापडाच्या विणीचा उठाव आणून तैलचित्राचा भास निर्माण केला, की त्या प्रतीला ओलिओग्राफ म्हणतात. शिळेवरील रेखन छापखान्यातील कारागिरांचे असल्याने मूळ चित्र व छापील प्रत यांत चेहऱ्याच्या भावांचा फरक पडतो. बडोद्यातील मूळ चित्रे पाहणाऱ्यास तो सहज जाणवतो.

प्लेगच्या साथीनंतर, १८९९ च्या सुमारास, मुद्रणालय लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आले. कर्ज वाढल्यामुळे ते फ्रिट्झ श्लायकर या जर्मन तंत्रज्ञास विकण्यात आले; विक्रीचे वर्ष १९०१ किंवा १९०३ असे दिले जाते. त्यानंतर म. वि. धुरंधर यांच्यासह इतर चित्रकारांच्या कृतीही तेथे छापल्या गेल्या. म्हणून घरोघरी ‘रविवर्म्याचे चित्र’ म्हणून टांगलेली, पुष्कळदा जर-टिकल्या लावून सजविलेली प्रत्येक तसबीर त्यांचीच असते असे नाही.

बडोद्याच्या राजसंग्रहातील त्यांची मूळ तैलचित्रे लक्ष्मीविलास राजवाड्यात व त्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहेत.