साथरोग-प्रतिरूपण : एक अध्यापनपद्धती

साथीचा रोग समूहात कसा पसरतो याची वर्गात, प्रयोगशाळेत किंवा संगणकावर नक्कल करून तिच्या आधारे गणित व विज्ञान शिकविण्याची पद्धत. यात खरा रोगजंतू कुठेच नसतो. पसरण्याचे नियम तेवढे खऱ्या साथीवरून घेतलेले असतात. घातांकी वाढ, संभाव्यता, अवकल समीकरणे, प्रतिकारशक्ती आणि लसीकरण हे विषय एरवी वेगवेगळ्या तासांना, वेगवेगळ्या शिक्षकांकडून शिकायला मिळतात. इथे ते एकाच प्रश्नाभोवती गोळा होतात.

सर्वांत सोपा आणि बहुधा सर्वांत जास्त वापरला जाणारा प्रकार परीक्षानळीचा. प्रत्येक विद्यार्थ्याला पाण्यासारखा दिसणारा द्रव दिला जातो. एकाच नळीत पाण्याऐवजी सोडियम हायड्रॉक्साइडचे अतिशय विरल द्रावण असते. कोणाच्या, हे खुद्द त्या विद्यार्थ्यालाही ठाऊक नसते. मुले वर्गात फिरतात, एकेका जोडीदाराबरोबर द्रव एकत्र करून पुन्हा निम्मा-निम्मा वाटून घेतात आणि त्याचे नाव वहीत टिपतात. तीन-चार फेऱ्या झाल्या की शिक्षक नळ्यांत फिनॉल्फ्थॅलीनचे, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे, थेंब टाकतात. द्रव गुलाबी झाला, तर बाधा झाली. मग वह्या उघडून उलटा माग काढायचा. गंमत अशी की हा माग पहिल्या फेरीतल्या जोडीपाशी येऊन अडतो. त्या दोघांपैकी मूळ बाधित कोण, हे नुसत्या नोंदींवरून ठरवता येत नाही. त्यासाठी सुरुवातीचा नमुना बाजूला राखून ठेवलेला असावा लागतो. द्रावण कितीही विरल असले तरी डोळ्यांवर चष्मा हवाच.

बाधितांची संख्या १, २, ४, ८, १६ अशी दुप्पट होत जाणार, असे मुले आधीच सांगून मोकळी होतात. प्रत्यक्षात दुपटीचा वेग टिकत नाही, कारण बाधितांची गाठ बाधितांशीच पडू लागते. ४० जणांच्या वर्गात १६ बाधित असतील, तर त्यांतल्या प्रत्येकाला उरलेल्या ३९ जणांपैकी कोणीही भेटू शकते आणि त्यांतले निरोगी फक्त २४. त्या फेरीत नव्या बाधितांची सरासरी अपेक्षा १६ × २४ ÷ ३९, म्हणजे १० पेक्षा थोडी कमी. बाधित आणि निरोगी यांचा हा गुणाकार हेच या विषयाचे मर्म आहे. निम्मा वर्ग बाधित झाला की तो सर्वाधिक होतो आणि नंतर उतरतो. बरे होण्याचा नियमही घालता येतो: बाधिताने दर फेरीला फासा टाकायचा, सहा पडले की तो बरा. मग बाधितांचा आलेख चढून उतरतो. लसीकरणाचे गणितही इथूनच निघते. गोवराचा एक रुग्ण, कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात, साधारण १२ ते १८ जणांना बाधा देतो असे धरतात. १२ हा आकडा घेतला तरी, एका रुग्णाकडून सरासरी एकाहून अधिकांना बाधा होऊ नये, म्हणजेच साथ रोखली जावी, यासाठी १२ पैकी ११, म्हणजे सुमारे ९२ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात.

या पद्धतीला बरीच जुनी परंपरा आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लोवेल रीड आणि वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट हे १९२०च्या दशकात रंगीत गोट्या मिसळून चिंचोळ्या पन्हळीत ओतत आणि कोणती गोटी कोणाशेजारी आली यावरून साथ पुढे सरकवत. त्यांचे हे रीड-फ्रॉस्ट प्रतिमान शोधनिबंधापेक्षा वर्गातूनच जास्त पसरले. १९९०च्या दशकाअखेरीस अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये (एमआयटी) व्हनेसा कोलेला यांनी मुलांच्या अंगावर छोटे संगणकीय बिल्ले लावले. समोरासमोर आलेले बिल्ले एकमेकांना ‘विषाणू’ देत. रोगाचे नियम मात्र सांगितलेले नसत. काही जण सुटतात का, बाधा लगेच दिसते की उशिरा, हे मुलांनी स्वतः प्रयोग आखून शोधायचे. विज्ञान शिकविण्याच्या दृष्टीने ही युक्ती परीक्षानळीपेक्षा सरस म्हणावी लागेल. उरी विलेन्स्की यांच्या नेटलोगो या प्रतिरूपणाच्या मोफत संगणकप्रणालीमुळे हेच काम साध्या संगणकावर आले. आता मोबाइलच्या ब्लूटूथवर चालणारे प्रकारही आहेत.

मराठी वाचकाला जवळचा धागा मुंबईचा. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या स्कॉटिश शास्त्रज्ञांनी १९२७ साली साथींचा जो गणिती सिद्धांत मांडला, त्यातला प्रसिद्ध आलेख डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील मुंबईच्या प्लेगमृत्यूंचा आहे. मॅकेंड्रिक हे भारतीय वैद्यकीय सेवेत होते आणि कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालकही होते.  या दोघांच्या सूत्रानुसार सतराव्या आठवड्यात शिखर येते, आठवड्याला ८९० मृत्यूंचे, आणि प्रत्यक्षातले ठिपके त्या वक्राला छान चिकटून आहेत. तरीही मुंबईचा प्लेग माणसाकडून माणसाला होत नव्हता. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे होत होता. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे, असे गृहीत धरल्याचे लेखकांनी निबंधातच लिहिले आहे. वक्र जुळला म्हणून कारण सापडले असे होत नाही, हे शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.

मर्यादाही आहेत. वर्गात कोणीही कोणालाही भेटू शकतो. गावात, चाळीत किंवा लोकलच्या डब्यात तसे नसते. शिवाय फासा किंवा सोडत आली की छोट्या गटात साथ कधी पहिल्याच फेरीत विझते. म्हणून एकाच खेळावरून निष्कर्ष काढू नये. तो अनेकदा खेळून निकालांची विखुरणी पाहावी.

कोविडमध्ये घरातले कोणी गमावलेल्या मुलांसमोर रोगाचा खेळ मांडणे अवघड जाते. तिथे रोगाऐवजी अफवा घ्यावी. डेव्हिड केंडल आणि डॅरिल डेली या संख्याशास्त्रज्ञांच्या १९६०च्या दशकातील प्रतिमानात अफवा आधीच ऐकलेला माणूस भेटला की सांगणारा सांगणे थांबवतो. एवढ्या एका नियमावर, मोठ्या समूहातील सुमारे २० टक्के लोकांच्या कानांवर ती अफवा कधीच जात नाही.