थायलंडचं कार्ड घेतलं म्हणजे कायमचं राहता येत नाही

'नऊ लाख बाट भरा, थायलंडचे कायमचे रहिवासी व्हा' हा मजकूर निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत अधूनमधून फिरतोच. रक्कम खरी आहे, पुढचं सगळं हवेतलं.

2003 साली 'थायलंड एलिट' म्हणून सुरू झालेली ही पैसे भरून सदस्य-कार्ड घेण्याची योजना 2023 पासून 'थायलंड प्रिव्हिलेज' नावाने चालते. ती चालवणारी कंपनी तिथल्या पर्यटन प्राधिकरणाची आहे, यावरूनच अंदाज यावा. 9 लाखांचं गोल्ड सदस्यत्व 5 वर्षांचं, आणि हाती पडतो तो पर्यटक वर्गातला व्हिसा. दर प्रवेशाला एक वर्ष राहता येतं. सलग 90 दिवस झाले की इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. विमानतळावर थाटात नेतात, हे मात्र खरं!

कायम निवासाचा मार्ग निराळाच. त्यासाठी नॉन-इमिग्रंट व्हिसावर (नोकरी, व्यवसाय, कुटुंब अशा कारणांसाठी मिळणाऱ्या) सलग 3 वर्षं काढावी लागतात, आणि प्रिव्हिलेजची वर्षं त्यात मोजत नाहीत. दहा वर्षं राहिलात तरी खात्यात शून्य.

नोकरीचा परवाना सदस्यत्वासोबत येत नाही. 'कर लागत नाही' हेही खोटं: वर्षात 180 दिवस राहिलात की तुम्ही तिथले कर-निवासी, म्हणजे तिथल्या कर-नियमांत येणारे रहिवासी, कार्ड कुठल्याही रंगाचं असो.