दुसरी जुनी गाडी घ्यायची का? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पहिली गाडी अजून गॅरेजात डबल स्टँडवर आहे, टाकी पेंटरकडे पडून आहे, आणि तेवढ्यात कवठेमहांकाळहून फोन येतो: "येझदी आहे, गोठ्यात कडब्याखाली उभी आहे, घेता का?" मग आमच्याकडे विचारणा होते. सांगलीत जुन्या मोटारसायकलींचं काम करताना हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की उत्तर एकदा छापूनच टाकावं असं वाटलं.

दुसरी गाडी घेऊ नका, असं आम्ही म्हणत नाही. आमचं पोट त्यावरच आहे. पण पहिल्या गाडीला निदान एकदा किक मारून गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली आहे का, हे आधी स्वतःला विचारा. नसेल तर दुसरी घरात आली की पहिलीचे पार्ट हळूहळू तिच्यात जाऊ लागतात. "तात्पुरता कार्बोरेटर काढतो" इथून सुरुवात होते. मिरजेच्या एका गुरुजींच्या दोन येझदी अशाच आमच्याकडे आल्या. दोन्ही मिळून एक पुरी गाडी होत नव्हती, आणि कुठला पार्ट कुणाचा हे त्यांनाही आठवत नव्हतं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक ग्राहकाला पार्टांच्या पिशव्यांवर चिठ्ठी लावायला सांगतो.

आता गाडी पाहायला निघालात असं समजू. आमच्याकडे क्रम ठरलेला आहे: आधी कागद, मग सांगाडा (चेसिस), शेवटी इंजिन. बहुतेक जण उलट करतात. इंजिन चालू झालं की डोळ्यात पाणी येतं आणि आरसी पाहायची राहून जाते. जाम झालेलं इंजिन कुपवाडच्या लेथवर मोकळं होतं, पण हरवलेला मालक सापडत नाही.

यामाहाची आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात आली, आणि मैसूरचा येझदीचा कारखानाही १९९६ साली बंद पडला. म्हणजे सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता तिशीच्या घरात आहे. खाजगी दुचाकीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासोबत महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. मधली नूतनीकरणं केलेली नसतील तर उशिराची जादा फी महिन्यागणिक चढलेली असते. ती कोण भरणार हे सौद्यातच ठरवा, नंतर कुणी फोन उचलत नाही. २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेटही बसवावी लागते, आणि त्यासाठीही आधी कागदच सरळ हवेत.

एमएच-१० च्या आधीची, म्हणजे तीन अक्षरी नंबरची गाडी असेल तर तिची नोंद आरटीओच्या संगणकात चढलेली आहे का, ते पाहा. नसेल तर जुन्या रजिस्टरवरून चढवून घ्यावी लागते. आजोबांच्या नावावरची गाडी नातू विकत असेल तर आधी वारसाच्या नावावर करून मग तुमच्या नावावर. "सही मीच करतो ना" असं म्हणणाऱ्या नातवाकडून गाडी घेऊ नका. आरसीवर कर्जाचा बोजा दिसला आणि ती पतसंस्था केव्हाच बंद पडलेली असली, तर तिचा कारभार मिटवायला नेमलेल्या अवसायकाला गाठून ना-हरकत दाखला आणावा लागतो. होतं ते काम, पण चपला झिजतात. कागवाडच्या पलीकडून कर्नाटकातली केए-२३ ची गाडी स्वस्त मिळते हे खरं. त्यात तिकडची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि इकडचा कर मिळवा, मग स्वस्त म्हणा.

चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा. आकडे सरळ रेषेत, एकसारख्या खोलीचे उठले पाहिजेत. इंजिन नंबर आरसीशी जुळत नसेल तर आम्ही तिथूनच परत फिरतो. आरएक्स १०० च्या चेसिसमध्ये आरएक्स १३५ चं इंजिन बसवलेल्या गाड्या फार फिरतात. पळतात मस्त, पण इंजिनबदल आरसीवर चढलेला नसतो, आणि नाव चढवताना गाडी तिथेच अडते.

सांगलीकरांना वेगळी सांगायची गोष्ट म्हणजे पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि धोक्याची पातळी ४५ आहे. त्या पाण्यात ज्या गाड्या बुडाल्या त्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. काही धुऊन, रंग मारून आजही विकायला उभ्या असतात, २०२१ च्या पुरातल्याही. वरून ओळखू येत नाहीत. हेडलाइटचा डोम उघडा, सीटखाली चेसिसच्या कोपऱ्यात बोट घाला, मॅग्नेटचं (इंजिनाच्या बाजूला वीज तयार करणाऱ्या भागाचं) कव्हर काढायची परवानगी मागा. कृष्णेचा गाळ बारीक असतो, सुकला की पिठासारखा बसतो आणि पाण्याच्या फवाऱ्याने आतून निघत नाही. गाळ दिसला तर क्रँकचे (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग, ऑइल सील, कॉइल आणि सगळी वायरिंग नवी धरूनच भाव करा. मालकाने कव्हर काढू दिलं नाही, तर तेच उत्तर समजा.

इंजिन थंड असतानाच पाहा. पोहोचल्यावर आधी ब्लॉकला (सिलिंडरला) हात लावा; गरम लागला तर मालकाने तुम्ही यायच्या आधी किक मारमारून गाडी चालू करून ठेवलेली आहे. किक जाम असेल तर उड्या मारू नका. प्लग काढून आत थोडं ऑइल सोडावं आणि दुसऱ्या दिवशी पाहावं. टू-स्ट्रोकमध्ये लोक पिस्टनचं विचारतात, पण खरी गोम क्रँकच्या दोन बाजूंच्या रबरी सीलमध्ये असते. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत सील कडक होतात. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं की तिथून हवा ओढली जाते आणि गाडी आपोआप रेस होते. क्लचच्या बाजूचं गेलं की गिअरचं ऑइल जळून पांढरा धूर निघतो. ब्लॉक आधी किती वेळा बोअर झालाय, म्हणजे आतून घासून मोठा केलाय, ते विचारा. शेवटच्या ओव्हरसाइजचा पिस्टन आधीच बसलेला असेल तर पुढच्या खेपेला नवी स्लीव्ह (सिलिंडरची आतली नळी) घालणं आलं.

टायर, केबल, ब्रेकलायनर बदलायचेच असतात, त्यावर घासाघीस करू नका.

टाकीत टॉर्च मारून बघा आणि बाहेरून चुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ऊस आपल्या जिल्ह्याचा, कारखाने आपले, तक्रार कुणाकडे करायची! हे इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, उभ्या गाडीच्या टाकीत गंज वाढवतं आणि कार्बोरेटरचे जुने रबर खातं. म्हणून महिनोन् महिने उभी राहणारी दुसरी गाडी असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा. दोन गाड्यांवाल्या बहुतेक ग्राहकांकडून हे होत नाही, आणि मग दिवाळीत दोन्ही एकदम आमच्याकडे येतात.

गाडी कुठली घ्यावी? पहिली आरएक्स असेल तर दुसरी आरएक्सच घेण्यात फायदा आहे: हत्यारं तीच, पार्टवाला तोच, हात बसलेला. बुलेट घेतलीत तर पुलर आणि पाने नव्याने घ्यावे लागतील, आणि उजव्या पायाचा गिअर असेल तर महिनाभर ब्रेक समजून गिअर पाडाल. येझदीला किक आणि गिअरचा दांडा एकच, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला आम्ही अजूनही हौसेने दाखवतो. पण फक्त पार्टांसाठी दुसरी गाडी घेत असाल तर तिची नोंदणी आरटीओत रीतसर रद्द करा. खोललेल्या गाडीचा नंबर तुमच्या नावावर राहिला तर जबाबदारीही राहते.

गाडी पाहायला आम्ही सोबत येतो. तपासणीची फी आधी सांगतो, आणि काम आमच्याकडे दिलंत तर ती बिलातून वजा करतो. येण्याआधी आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा पाठवा. निम्म्या वेळा त्यावरूनच कळतं, आणि तुमचं जायचं-यायचं पेट्रोल वाचतं. गुरुवारी गॅरेज बंद असतं.