उलटे टांगले म्हणून टमाटर जास्त लागत नाहीत

अंगण लहान, म्हणून बादलीच्या बुडाला भोक पाडून टमाटराचं रोप उलटं लटकवायचं; पाणी अन् खत आपल्या वजनानं सरळ फळात उतरतं, माल दुप्पट येतो, ही गोष्ट मोबाईलवर वर्षानुवर्षं फिरते आहे. खरं त्यात एवढंच, की जागा वाचते.

झाडात पाणी ओघळत नाही, खेचलं जातं. पानांतून वाफ उडते, तो ताण मुळांपर्यंत पोचतो. टांगल्यानं त्यात काही भर पडत नाही. शिवाय शेंडा उजेडाकडे वळणारच. थोड्याच दिवसांत खोड गळासारखं वाकून वर निघतं.

खरी अडचण आपल्याकडच्या उन्हाची. टांगलेल्या बादलीला चहूकडून वारा लागतो, माती झपाट्यानं सुकते. कधी कोरडं, कधी चिंब झालं की फळाला कॅल्शियम कमी पडतं आणि त्याचं बूड काळं, चामट होतं. लोक रोग समजून फवारे मारत बसतात! पारा ३५ अंशांपलीकडे टिकला की फुलंही गळू लागतात. मे महिन्यात ४५ अंशांत सुलटं काय अन् उलटं काय.

टांगायचंच तर सुलटं टांगा. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावा, चेरी टमाटराचं बुटकं वाण घ्या. बादली किमान १० लिटरची. नुसती काळी माती नको, ती आवळते, भेगाळते. चांगलं कुजलेलं शेणखत भरपूर मिसळा. ओली बादली १२-१५ किलोंची होते, तेव्हा हूक पत्र्याला नाही, बल्लीलाच ठोका.