ब्लॅक वॉच टार्टन: भाड्याने किल्ट नेणाऱ्यांसाठी थोडी माहिती

मित्राच्या लग्नासाठी किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचं कमरेला गुंडाळायचं चौकड्यांचं वस्त्र, न्यायला आलेले मराठी ग्राहक हमखास विचारतात, "आमचं काही स्कॉटिश घराणं नाही, मग आम्ही कुठला टार्टन नेसायचा?" टार्टन म्हणजे घराण्याची किंवा पलटणीची ओळख सांगणारा चौकड्यांचा नमुना. आम्ही त्यांच्यासमोर गडद हिरव्या, निळ्या, काळ्या चौकड्यांचं हे कापड ठेवतो. कॅम्पबेल घराणंही ते आपलं मानतं, पण त्याची खरी ओळख ब्लॅक वॉच या ब्रिटिश फौजेच्या पलटणीचं कापड म्हणून आहे. म्हणून ते कुणीही निःसंकोच नेसावं.

१७१५ मध्ये जेकोबाइटांनी, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांनी, केलेल्या उठावानंतर हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागात, जरब बसवण्यासाठी ब्रिटिश फौजेच्या जनरल वेड यांनी १७२५ मध्ये राजनिष्ठ घराण्यांतून सहा तुकड्या उभ्या केल्या. गुरं पळवणाऱ्यांवर आणि लपवलेल्या हत्यारांवर नजर ठेवणं हे त्यांचं काम. 'वॉच' म्हणजे पहारा. कॅम्पबेल, ग्रँट, फ्रेझर, मन्रो अशा निरनिराळ्या घराण्यांची ही माणसं, पण सगळ्यांचं कापड शक्यतो एकाच जातीचं आणि रंगाचं असावं, असा वेड यांचा हुकूम होता. १७३९ मध्ये या तुकड्यांची पलटण करायचं ठरलं आणि १७४० मध्ये ती एबरफेल्डीजवळ टे नदीच्या काठी पहिल्यांदा एकत्र उभी राहिली. पुढे ती ४२ वी पलटण म्हणून गाजली.

आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या पुरुषांना त्यांचा पोशाख बंद झाला, तो थेट १७८२ पर्यंत. फौजेत असणाऱ्यांना मात्र मुभा होती. त्या छत्तीस वर्षांत किल्ट उजळ माथ्याने नेसली ती अशा पलटणींतल्या शिपायांनी.

२००६ मध्ये ब्लॅक वॉच रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंडमध्ये सामील झाली. स्कॉटलंडमधल्या पर्थच्या बालहाउझी किल्ल्यात तिचं संग्रहालय आहे. वेळ काढून जरूर जा.

कापड घेताना उजेडात धरून बघा. दिव्याखाली निळा आणि काळा एकच वाटतात. हिरव्या पट्ट्यावर पिवळी रेघ दिसली, तर तो गॉर्डन हायलँडर्स या दुसऱ्या पलटणीचा टार्टन.

एक विनंती. टोपीवर लाल पिसांचा तुरा लावू नका. १८२२ पासून तो या पलटणीचा खास मान आहे. किल्ट भाड्याने मिळते, तुरा मिळत नाही.

किल्ट नेसताना वरचा पदर उजवीकडे आला पाहिजे, कडा गुडघ्याच्या मध्यावर. पिन फक्त वरच्या पदराला लावा. दोन्ही पदर एकत्र टोचले, तर बसताना कापड ओढलं जाऊन फाटतं.