पुवाची वाट, भुलीची वाट

खालच्या जबड्याची अक्कलदाढ ठणकू लागते आणि माणूस कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांवर चार दिवस ढकलतो. मग कधी कधी ठणका अचानक कमी होतो, पण त्याच सुमारास हनुवटीखाली सूज दिसू लागते, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही आणि थुंकी गिळणेही अवघड जाते. दाढेतला पू हाड फोडून मानेत उतरलेला असतो. कमरेच्या मणक्याला क्षयरोग झालेल्या एखाद्या रुग्णाला याउलट पहिली गाठ हाताला लागते ती जांघेत, मूळ रोगापासून वीतभर दूर. या दोन्ही रुग्णांमध्ये पू वाटेल तसा पसरलेला नसतो. फॅशिया नावाच्या आवरणाच्या थरांमधून ज्या वाटा शरीरात जन्मतः आखलेल्या असतात, त्याच वाटांनी तो गेलेला असतो. आणि शस्त्रक्रियेपूर्वी शरीराचा एखादाच भाग बधिर करणारे भूलतज्ज्ञ आपले औषध मज्जातंतूंपर्यंत पोहोचवतात, तेही बरेचदा याच वाटांनी.

फॅशिया पाहण्यासाठी शवविच्छेदनाच्या टेबलापर्यंत जाण्याची गरज नाही. मटण साफ करताना स्नायूवरून जो पातळ, पांढरट आणि चिवट पापुद्रा सुरीने सोलून काढला जातो, तो फॅशियाच होय. कोलॅजनच्या धाग्यांनी विणलेला हा पापुद्रा स्नायू, लाळग्रंथी, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांना वेगवेगळे लपेटतो आणि ठिकठिकाणी हाडाला घट्ट चिकटतो. निरोगी शरीरात दोन पापुद्र्यांच्या मध्ये मोकळी जागा अशी नसतेच. तिथे विरळ, मऊ ऊती असते आणि तिच्यामुळे थर एकमेकांवर सहज सरकतात. मात्र दाबाखाली एखादा द्रव आत शिरला, तर ही ऊती बाजूला होते आणि बंद असलेला कप्पा उघडतो. पापुद्रा जिथे हाडाला चिकटलेला असतो तिथे द्रव अडतो आणि जिथे शेजारच्या कप्प्याशी दार असते तिथून पुढे जातो. हा द्रव पू आहे की औषध, याच्याशी कप्प्याला काही देणेघेणे नसते.

जबड्यातली रचना या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. तोंडाचा तळ मायलोहायॉइड नावाच्या पसरट स्नायूने बनलेला असतो आणि तो खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला एका तिरप्या रेषेवर चिकटतो. पुढच्या दातांच्या मुळांची टोके सहसा या रेषेच्या वर असतात, म्हणून तिथला पू आतल्या बाजूने बाहेर पडला तर जिभेखालच्या कप्प्यात साचतो. दुसऱ्या व तिसऱ्या दाढेच्या मुळांची टोके मात्र बहुधा रेषेच्या खाली उतरतात, त्यामुळे त्यांचा पू थेट जबड्याखालच्या कप्प्यात, म्हणजे मानेच्या हद्दीत जातो. या स्नायूची मागची कड मोकळी असल्याने दोन्ही कप्पे तिथे एकमेकांशी जोडलेले असतात. अवघ्या काही मिलिमीटरांच्या या फरकावर रुग्ण दंतवैद्याच्या खुर्चीत बरा होणार की अतिदक्षता विभागात पोहोचणार, हे अनेकदा ठरते.

दोन्ही बाजूंचे हे कप्पे एकाच वेळी संसर्गाने भरतात तेव्हा होणाऱ्या आजाराचे वर्णन विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ साली केले आणि आजही तो ‘लुडविग्ज अँजायना’ या नावाने ओळखला जातो. रुग्ण पुढे झुकून बसलेला असतो, लाळ गळत असते, आवाज घोगरा व दबलेला येतो आणि हनुवटीखालचा भाग दाबून पाहिला तर पुवासारखा मऊ न लागता टणक लागतो. जीभ वर आणि मागे ढकलली जात असल्याने अशा रुग्णाला उताणे झोपवणेही धोक्याचे असते, कारण श्वासमार्ग तेवढ्यानेच बंद होऊ शकतो. प्रतिजैविके येण्यापूर्वी या आजाराचे निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत असत. आज हे प्रमाण खूप खाली आले आहे, तरी श्वासमार्ग वेळेत सुरक्षित करणे हाच उपचाराचा पहिला भाग राहिला आहे. त्यासाठी भूलतज्ज्ञ रुग्णाला जागे ठेवूनच, नाक व घसा फवाऱ्याने बधिर करून, दुर्बिणीच्या साहाय्याने श्वासनलिकेत नळी घालतात आणि तेही जमले नाही तर गळ्यातून छेद घ्यावा लागतो.

मानेतल्या कप्प्यांपैकी एक घशाच्या मागे, दोन पातळ पापुद्र्यांच्या मध्ये, कवटीच्या तळापासून थेट छाती व पोट यांमधल्या पडद्यापर्यंत उतरतो. शरीरशास्त्राच्या पुस्तकांत त्याला ‘धोक्याचा कप्पा’ असेच नाव आहे. दाढेचा किंवा घशात रुतलेल्या माशाच्या काट्याचा संसर्ग इथवर पोहोचला, तर तो हृदय आणि अन्ननलिकेभोवतीच्या जागेत उतरू शकतो. म्हणूनच दातदुखीसोबत तोंड उघडेनासे झाले, गिळताना त्रास होऊ लागला किंवा मानेला सूज आली, तर घरी शेक घेत बसू नये आणि उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही संपवत बसू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. मधुमेह असलेल्यांनी तर एक दिवसही थांबू नये. साचलेल्या पुवात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे रक्तातून येणारे प्रतिजैविक त्याच्या गाभ्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. कोणता कप्पा भरला आहे हे सीटी स्कॅनवर पाहून तो उघडावा लागतो, पुवाला वाट करून द्यावी लागते आणि मूळ दाताचा बंदोबस्त करावा लागतो. गोळ्यांनी फक्त दुखणे ओसरते आणि त्या दिलाशात मोलाचे दिवस निघून जातात.

हाताच्या कप्प्यांचा अभ्यास शिकागोचे शल्यविशारद ॲलन कॅनव्हेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी चिकाटीने केला. मृतदेहांच्या हातांत द्रव टोचून तो कुठवर पसरतो, हे त्यांनी पाहिले आणि त्यावरून पू कुठे शोधावा व छेद कुठे घ्यावा, याचे नियम बसवले. मुंबईच्या ससून डॉकवर किंवा शहरातल्या कोणत्याही मासळी बाजारात दिवसभर मासळी साफ करणाऱ्या कोळणींच्या बोटांत काटा रुतणे हे रोजचेच असते. काट्याबरोबर जंतू बोट वाकवणाऱ्या स्नायुबंधाच्या म्यानात गेले, तर बोट सर्व बाजूंनी सारखेच सुजते, किंचित वाकलेले राहते, म्यानाच्या संपूर्ण लांबीवर दाबताच दुखते आणि कोणी ते सरळ करू पाहिले तर वेदना असह्य होते. कॅनव्हेल यांनी नोंदवलेल्या या खुणांवर आजही निदान होते. अंगठ्याचे व करंगळीचे म्यान तळहातातून मनगटाकडे जाते आणि तिथे दोन्ही एका कप्प्यापाशी जवळ येतात, त्यामुळे करंगळीत शिरलेला संसर्ग मधली तीन बोटे सोडून अंगठ्यात उगवू शकतो. तळहातात खोलवर पू असताना सूज मात्र हाताच्या पाठीवर अधिक दिसते, कारण तिथली त्वचा सैल असते. ती सूज पाहून हाताच्या पाठीवर छेद घेतला, तर पू सापडतच नाही.

आता जांघेतल्या गाठीकडे वळू. ज्या शहरात महापालिकेला केवळ क्षयरोगासाठी शिवडीला स्वतंत्र रुग्णालय चालवावे लागते, तिथल्या डॉक्टरांना ही गाठ अपरिचित नाही. कमरेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंना सोअस नावाचा लांब स्नायू असतो. तो ओटीपोटातून खाली येत जांघेच्या घडीखालून मांडीच्या हाडापर्यंत जातो आणि त्याच्याभोवती फॅशियाची खोळ असते. कण्यात तयार झालेला क्षयरोगाचा पू या खोळीत शिरतो आणि आतल्या आत सरकत जांघेत येऊन थांबतो. त्या जागी लाली नसते, त्वचा गरम लागत नाही, म्हणून हर्नियाचा भास होतो. पाय पूर्ण सरळ करताना दुखणे आणि महिनोन्‌महिने चाललेली कंबरदुखी या दोन गोष्टी विचारल्या, तर मूळ सापडते. असा पू सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर पाहत बारीक नळीने काढता येतो. क्षयरोगाची औषधे मात्र साधारणतः वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ घ्यावी लागतात.

सोअसची ही खोळ ओटीपोटातल्या इलियाकस स्नायूवरच्या पापुद्र्याशी सलग असते आणि त्या पापुद्र्याला फॅशिया इलियाका म्हणतात. मांडीला संवेदना देणारे महत्त्वाचे मज्जातंतू याच पापुद्र्याखालून जांघेकडे येतात. पू ज्या वाटेने वरून खाली उतरतो, त्याच वाटेने औषध खालून वर चढवता येईल, हा विचार त्यामुळे शक्य झाला. फ्रान्समधील बर्नार्ड डॅलेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली लहान मुलांमध्ये ही पद्धत वर्णन केली. आज तिचा सर्वांत मोठा लाभ न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांना होतो. पाठीतून भूल देण्यासाठी अशा आजींना बसवणे किंवा कुशीवर वळवणे म्हणजे मोडलेले हाड हलवणे असते. त्याआधी जांघेतून मांडी बधिर केली, तर हे वळणे सुसह्य होते.

हे करताना सोनोग्राफीच्या पडद्यावर जे दिसते ते थोडे सविस्तर सांगण्याजोगे आहे. प्रोब जांघेच्या घडीवर ठेवला की ठोके देणारी धमनी काळ्या गोलाच्या रूपात दिसते आणि तिच्या बाहेरच्या बाजूला इलियाकस स्नायूचा करडा उंचवटा असतो. त्या उंचवट्यावरून जाणारी ठळक पांढरी रेघ म्हणजे फॅशिया इलियाका. तिरपी येणारी सुई या रेघेवर टेकते, रेघ दबून खाली वाकते आणि सुई पार होताच झटक्याने पूर्ववत होते. तो हलकासा झटका भूलतज्ज्ञाच्या बोटांनाही जाणवतो. मग आधी एक-दोन मिलिलिटर सलाइन सोडून पाहिले जाते. सुई खोल गेली असेल तर स्नायू फुगतो, वरच राहिली असेल तर रेघेच्या वरच्या बाजूला द्रव दिसतो आणि जागा अचूक असेल तर रेघ व स्नायू यांच्यामध्ये एक काळी चिंचोळी फट उघडून दोन्हीकडे लांबत जाते. त्यानंतरच औषध दिले जाते, साधारणतः ३० मिलिलिटर. सुई मज्जातंतूपासून अंतर राखूनच असते आणि उरलेला प्रवास औषध पापुद्र्याखालून स्वतः करते.

दंतवैद्य खालचा जबडा बधिर करतात तेव्हाही हेच घडते. जबड्याच्या मागच्या फांदीच्या आतल्या बाजूला असलेल्या कप्प्यात, मज्जातंतू हाडात शिरण्यापूर्वी, औषध सोडले जाते आणि अक्कलदाढेचा पू कधी कधी नेमका याच कप्प्यात भरतो. मानेच्या मणक्यांसमोरचा पापुद्रा हाताच्या मज्जातंतूंना वेढत काखेपर्यंत उतरतो. मानेच्या क्षयरोगातला पू त्यातून काखेपर्यंत जाऊ शकतो आणि शिकागोचेच भूलतज्ज्ञ अलॉन विनी यांनी त्याच आवरणात एकाच जागी औषध टोचून खांदा व हात बधिर करण्याची पद्धत १९७० साली मांडली. पुढे २००१ मध्ये पोटाच्या स्नायूंमधला थर आणि २०१६ मध्ये पाठीच्या उभ्या स्नायूखालचा थर यासाठी वापरात आले. तरी प्रत्येक शरीरात औषध सारखेच पसरेल याची हमी देता येत नाही, हे मान्य केले पाहिजे.

औषधाचे आकारमान मोठे असल्याने वजनानुसार हिशेब काटेकोर ठेवावा लागतो. रोपिवाकेन या भुलीच्या औषधाची मर्यादा साधारणतः किलोमागे ३ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे ५० किलोच्या व्यक्तीसाठी १५० मिलिग्रॅम. पाव टक्क्याच्या ३० मिलिलिटर द्रावणात ७५ मिलिग्रॅम जातात, त्यामुळे दोन्ही बाजूंना तेवढेच दिले की मर्यादा गाठली जाते. औषध रक्तात अधिक उतरल्यास झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून त्यावर उतारा म्हणून शिरेतून द्यायच्या २० टक्के स्निग्ध द्रावणाची बाटली हाताशी असणे आवश्यक असते.

पू आणि भूल एकाच कप्प्यात मात्र सुखाने नांदत नाहीत. निरोगी ऊतींचा सामू ७.४ च्या आसपास असतो, तर संसर्ग झालेल्या जागी तो घसरतो आणि त्या आम्लतेत लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचा जो अंश मज्जातंतूच्या आवरणातून आत शिरू शकतो तोच कमी होतो. सुजलेल्या हिरडीत टोचलेले इंजेक्शन नीट लागू होत नाही, त्याचे हे एक मुख्य कारण आहे. शिवाय सुई संसर्गातून पुढे गेली तर जंतू खोलवर नेले जाण्याची भीती असते. म्हणून मज्जातंतू संसर्गाच्या वरच्या बाजूला, निरोगी जागी गाठला जातो. मासळीच्या काट्याने तळहातात पू झाला असेल, तर भूल काखेत दिली जाते. काखेतही गाठी आलेल्या असतील, तर कॉलरबोनच्या वरची जागा निवडली जाते. हात पूर्ण बधिर झाल्यावर कप्पा उघडून भरपूर सलाइनने धुतात, जखम बहुधा उघडीच ठेवतात आणि संसर्ग आटोक्यात येताच बोटांची हालचाल सुरू करतात, कारण म्यानात स्नायुबंध एकदा चिकटला तर ते बोट पुढे पुरते मिटत नाही.